एका इंजिनावर

२५ जुलै, शुक्रवार

आज डावं इंजिन काढलं. भिगवणहून ज्योतिबा मिस्त्री आले होते. काल परत येताना पाण्याखाली कुणाच्या तरी मोटारीचा लोखंडी पाइप होता, त्याच्यावर पंखा आदळला. मला दिसलाच नाही. पाणी गढूळ, वरून जलपर्णी. गिरणीत खडा गेल्यासारखा आवाज झाला. मिस्त्रींनी गिअरचं तेल बोटावर घेऊन दाखवलं, त्यात चकचकीत कीस होता. म्हणाले, "ताई, गिअर गेला. हे हितं न्हाई व्हायचं. पुण्याला न्यावं लागंल."

बचत गटातल्या बायकांनी हात लावला आणि इंजिन टेम्पोत चढवलं. मागच्या फळीला बोल्टची भोकं राहिली, ती मिस्त्रींनी रबर लावून बंद केली. उजवं इंजिन मधे आणून बसवा म्हटलं तर म्हणाले, मधे फायबर पातळ आहे, फुटेल. "आठ-दहा दिवस एकावर चालवा. पण जपून. दोन इंजिनाची बोट एकावर चालती, पण ती एका इंजिनाची बोट न्हाई, हे ध्यानात ठेवा."

बोट कशी वागते ते रोज लिहीत जा, असं त्यांनीच शिकवताना सांगितलं होतं. म्हणून ही वही. पण मी तिच्यात घरचंही लिहिते. कुणी वाचत नाही.

बोट आमच्या बचत गटाची. गेल्या पावसाळ्यात नदीवरच्या पुलाचा मधला गाळा खचला तेव्हा एका कंपनीनं दिली. चालवायला शिकलो मी आणि सिंधूकाकी. काकी गटाच्या अध्यक्ष. दोर आणि नांगर त्यांच्याकडं, स्टिअरिंग माझ्याकडं. आमच्या वडगावच्या बाया पलीकडं दौंड तालुक्यात खुरपायला जातात, पोरी कॉलेजला जातात, दूध जातं. पण आमच्या घराला बोट लागते ती आण्णांसाठी. माझे सासरे. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. सोमवारी आणि गुरुवारी दौंडला डायलिसिस. नदीच्या अलीकडं शिरूरलाही नाव लावून ठेवलंय, नंबर लागत नाही. मधे एकदा गाडीनं फिरून नेलं तर येताना खड्ड्यांत त्यांचं बीपी उतरलं, गाडीत ओकले, हाक मारली तर ओ देईनात. तेव्हापासून नदीच.

इंजिन गेलं ते आण्णांना सांगितलं. म्हणाले, "एक डोळा गेलेला बैल बी नांगर वढतो. फकस्त कुठल्या बाजूनं हाकायचं ते कळाया पायजे."

२६ जुलै, शनिवार

रिकामी बोट घेऊन सकाळी सराव केला. काकी पुढं बसल्या.

उजवं इंजिन एकटं ढकलतं, त्यामुळं तोंड सारखं डावीकडं जातं. स्टिअरिंग उजवीकडं ओढून धरलं तरच सरळ चालते. थोड्या वेळानं खांदा भरून येतो. बोट मागून उजव्या अंगाला बसते, म्हणून डाव्या बाकाखाली वाळूच्या दोन गोण्या टाकल्या. डावीकडं वळायला हलकं. उजवीकडं वळायचं म्हटलं की म्हशीसारखी आडून बसते.

आणि आपल्याकडून पलीकडं जाताना पाण्याची धार उजवीकडून येते. म्हणजे तोंड उजवीकडं, वरच्या अंगाला धरून जावं लागतं. नेमकं तिकडंच ती वळत नाही. येताना उलट, येताना आपोआप येते.

जाताना अवघड, येताना सोपी. आण्णांना सांगितलं तर हसले. "माझ्या डायलिसिसचं बी तसंच हाय की."

२८ जुलै, सोमवार

आण्णांना एका इंजिनावर नेलं आणि आणलं. जाताना फक्त आठ माणसं घेतली. कॉलेजच्या पोरी मागं राहिल्या, कुरकुरल्या. मधल्या धारेत तोंड दोनदा घसरलं. मग मी शिकले: धार लागायच्या आधीच बरंच वरपर्यंत काठाकाठानं जायचं, आणि मग खाली ढकलत ढकलत बरोबर धक्क्याला यायचं. तिसरी फेरी बिनचूक लागली. मला खरंच बरं वाटलं. लग्न झाल्यापासून भाकरीला सोडून कुणी माझ्या कशाला चांगलं म्हटलं नव्हतं. आज धक्क्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "ताई, नंबर एक."

आण्णा दौंडला रिक्षानं जातात. ह्यांना कंपनीत सुट्टी फक्त गुरुवारी, त्या दिवशी हे मोटरसायकलवर नेतात, पलीकडं शेडमध्ये आमची जुनी गाडी ठेवलेली असते. सेंटरवर सम्राट म्हणून पोरगा मशीनवर असतो. आण्णांचा त्याच्यावर फार जीव. सुई टोचताना तो आण्णांना पैलवानकीच्या गोष्टी विचारतो, म्हणजे त्यांचं लक्ष हाताकडं राहत नाही. आण्णा सगळ्या खोट्या सांगतात. आयुष्यात कधी लंगोट बांधला नाही त्यांनी, शेवंती आणि वांगी लावण्यात गेलं सगळं.

३१ जुलै, गुरुवार

नेलं, आणलं. जलपर्णी वाढली आहे. पंख्याला गुंडाळी बसते, दोनदा इंजिन वर उचलून विळ्यानं कापावी लागली. दोन इंजिनं होती तेव्हा एक उचललं तरी दुसऱ्यावर बोट धरून ठेवता यायची. आता उचललं की आपण वाहायला लागतो. आज काठाजवळ होतो म्हणून ठीक.

हे म्हणाले, नांगराचा दोर वाढव. वाढवला.

५ ऑगस्ट, मंगळवार

मिस्त्रींचा फोन. पार्ट मिळत नाही, हे मॉडेल बंद झालंय, चेन्नईहून मागवलाय. "ताई, अजून पंधरा दिवस धरा."

गटाची बैठक झाली. काकींचं म्हणणं, बोट बांधून ठेवावी. "एवढ्या लोकांचा जीव आपल्या हातात. उद्या काय झालं तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाई." बाकीच्या म्हणाल्या, पाणी कमी आहे तोवर चालू द्या. मला आण्णांचं बोलायचं होतं, पण घरच्यासाठी बोलतेय असं वाटलं असतं. शेवटी काकीच म्हणाल्या, "सारिका, तू सांग. चालवणारी तू." मी म्हणाले, "चालंल." माझा आवाज मला वाटला त्याच्यापेक्षा मोठा आला.

११ ऑगस्ट, सोमवार

वरच्या धरणांतून पाणी सोडलंय. पुलाच्या खांबावर आम्ही पांढरी रेघ मारून ठेवली आहे, तिच्यापर्यंत पाणी आलं की बोट बंद, असं ठरलेलं. आज रेघेला वीतभर कमी. आण्णांना नेलं. आणताना पाऊस.

संध्याकाळी काकी आणि गटातल्या बाया घरी आल्या. अंगणात बोलणं झालं. ठरलं असं: पाणी उतरेपर्यंत सगळ्यांची बोट बंद. बायांनी शेतं सोडायची, पोरींनी कॉलेज बुडवायचं. पण आण्णांसाठी सोमवार आणि गुरुवार एक फेरी करायची. काकी म्हणाल्या, "माणूस मशीनवर जगतोय. त्यांची फेरी बंद करा म्हणायला माझी जीभ न्हाई वळायची." मला एवढं भरून आलं. मी त्यांच्या पाया पडले.

आण्णा आत कॉटवर होते. झोपलेत असं वाटलं होतं. चहा द्यायला गेले तर छताकडं बघत पडलेले. म्हणाले, "म्हंजी आता ती बोट माझ्यापायीच पाण्यात उतरायची, व्हय?"

मी म्हणाले, "आण्णा, तुम्ही नका त्याचा विचार करू."

"न्हाई करत," म्हणाले.

१४ ऑगस्ट, गुरुवार

लिहू की नको कळत नाही. लिहिते.

बोटीत आम्ही तिघंच. मी, हे आणि आण्णा. काकी काठावर दोर सोडायला. पाणी रेघेला लागलेलं नव्हतं, पण रंग बदललेला, कॉफीसारखा. काठाकाठानं वर गेले, मग धारेत घातली. मधोमध आलो आणि वरून जलपर्णीचा अख्खा तुकडा आला. वाफ्याएवढा. मला तो लांबून दिसला होता. दोन इंजिनं असती तर उजवीकडं काढली असती. मी स्टिअरिंग पूर्ण ओढलं, तोंड वळलं नाही. तो सरळ आमच्यावर आला. पंख्यात गेला, इंजिननं एक लांब शिट्टी मारली आणि बंद पडलं.

एकदम शांत. फक्त पाणी. मग बोट आडवी झाली आणि खाली निघाली.

खाली बंधारा आहे. पावसाळ्यात त्याच्या फळ्या काढलेल्या असतात, खांबांच्या मधून पाणी ओढत जातं. त्या खांबांचा आवाज मला ऐकू येत होता.

ह्यांनी नांगर टाकला. तो घसरत गेला, दोर ह्यांच्या हातातून सुटत होता, तळहात सोलले. मी इंजिन वर उचललं, विळा घेतला आणि मागच्या फळीवरून बाहेर वाकले. पंखा हाताला येईना. आणखी वाकले. पाय सुटले आणि मला वाटलं गेले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरला. आण्णा. गुडघ्यावर येऊन त्यांनी मला धरलं होतं, आणि डाव्या हातानं, ज्या हाताला डायलिसिसची शीर आहे. त्या हातानं कपसुद्धा उचलायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय.

"काप तू," म्हणाले. "मी हाय."

मी कापत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. मधेच बोटीला हिसका बसला, नांगर कशात तरी अडकला होता. पंखा मोकळा झाला. इंजिन खाली सोडलं आणि चावी फिरवायला गेले तर मला चावी धरता येईना. हात असे हलत होते की माझे नव्हतेच. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवून चावी फिरवली. त्यांच्या तळहाताचं रक्त माझ्या बोटांना लागलं.

पलीकडं पोचलो. आण्णांना घेऊन हे दौंडला गेले. मी बोट बांधून धक्क्यावर बसून राहिले. येताना बोट आपोआप आली.

सम्राटनं आण्णांच्या हाताची सूज बघून विचारलं म्हणे. आण्णांनी सांगितलं, कुस्ती खेळलो.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडावंदन. गावभर झालंय. कुणी शाबासकी दिली, कुणी वेडी म्हणालं. काकी काठावरून सगळं बघत होत्या, त्या माझ्याशी बोललेल्याच नाहीत.

मला सोमवारची भीती वाटते. इथं लिहायला हरकत नाही. काल ह्यांना म्हणाले, होईल, जमेल. पण डोळे मिटले की ते खांब. आज स्वयंपाक करताना मनात येऊन गेलं की सोमवारी आण्णांना ताप यावा आणि जायचं रद्द व्हावं. असं कसं मनात येतं माणसाच्या?

१७ ऑगस्ट, रविवार

देवानं ऐकलं.

उद्या कसं जायचं त्यावर दुपारी बोलणं चाललं होतं. पाणी रेघेच्या वर गेलंय. हे म्हणाले, "गाडी सांगतो, फिरून नेऊ. मागचं बाक काढून गादी टाकू." आण्णा भिंतीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "कशाला? उद्या जायचंच न्हाई."

"म्हंजी?"

"डॉक्टरनी गुरुवारीच सांगितलंय. रिपोर्ट बरे आल्यात. आता पंधरा दिसातनं एकदा यायचं."

मी विचारलं, "आण्णा, मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तू काय ऐकायच्या ताळ्यावर हुतीस व्हय? दोन दिस नुसती भिताडाकडं बघत बसलीयास."

हे म्हणाले, "मी बाहेर चहाला गेलो तवा सांगितलं व्हय?"

"मग मी काय खोटं बोलतुय, सत्या?"

हे उठून अंगणात गेले. मी आत गेले आणि ओट्याला धरून रडले. आनंदानं. पुढची फेरी म्हणजे आता थेट अठ्ठावीस तारखेला, तोपर्यंत पाणी उतरेल, इंजिन येईल. रात्री शेंगदाण्याची आमटी केली. आण्णांनी दोनदा वाढून घेतली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

जोराचा पाऊस. पाणी खालच्या रस्त्यावर आलंय. ट्रॅक्टर लावून बोट वर ओढली आणि लिंबाला बांधली. काकी आज बोलल्या. म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुझ्या सासऱ्याला डॉक्टरनं सूट दिली. न्हाई तर तू गेली आसतीस, आन् मी तुला आडवली नसती."

फिरून जायचा रस्ताही बंद आहे असं ऐकलं. आपल्याला आता त्याचं काही नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज डायलिसिसचा वार, आणि सगळे घरी. सवयीनं पहाटे उठले आणि मग आठवलं. तशीच पडून राहिले.

सम्राटचा फोन येतो आण्णांना. सोमवारीही आला होता. आण्णा फोन घेऊन गोठ्याकडं जाऊन बोलतात. विचारलं तर म्हणाले, "पोरगं चौकशी करतंय. भला हाय." आजकाल कोण कुणाची चौकशी करतं? एकदा त्याला जेवायला बोलवायला पाहिजे.

आण्णांनी शहाळं मागितलं. मला आश्चर्य वाटलं, कारण शहाळं, केळी, टोमॅटो सगळं बंद होतं. म्हणाले, डॉक्टरांनी आता सूट दिलीये, एखादं चालतं. मी स्वतः फोडून दिलं. किती दिवसांनी पीत होते. डोळे मिटून प्यायले, मग चमच्यानं खोबरं काढून दे म्हणाले. अर्धं मला दिलं.

पाय सुजलेत. पावसाळी हवा आहे, आणि चालणं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आण्णांना खोकला झालाय. आडवं पडलं की दम लागतो म्हणतात, म्हणून पाठीमागं खताच्या रिकाम्या गोण्यांची उशी करून दिलीये, बसून झोपतात. उचकी लागते ती थांबत नाही. साखर दिली, पाणी दिलं. अंग सारखं खाजवतात.

मी ह्यांना म्हणाले, एकदा डॉक्टरांना फोन करून विचारा. हे म्हणाले, "नको. झोपू दे त्यांना. तू नको काय विचारू." मला राग आला. आपल्या बापाची एवढी बेफिकिरी! पण दुसरीकडं ह्यांनी कंपनीत दोन दिवस रजा टाकलीये आणि नुसते आण्णांच्या कॉटपाशी बसलेले असतात. त्यांचे पाय दाबतात. पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मी गेले की हे उठून बाहेर जातात.

२६ ऑगस्ट, मंगळवार

पाणी रेघेच्या खाली गेलं. बोट पाण्यात ढकलली, इंजिन चालू करून बघितलं. भरवशाचं वाटलं. काकींना सांगितलं, परवा आण्णांना नेणार. मिस्त्री म्हणतात, पार्ट पुण्यात आलाय.

उद्या गणपती. आण्णा म्हणाले, "यंदा मूर्ती लहान आण. माझ्यानं उभं ऱ्हावणार न्हाई." मी म्हणाले, गुरुवारी डायलिसिस झालं की बघा कसे टुणटुणीत होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "सारिका, तू बोट झ्याक चालवतीस. मी सगळ्यांना सांगत आसतो." तोंडावर कधी कौतुक करत नाहीत. मला लाज वाटली.

३१ ऑगस्ट, रविवार

आण्णा गेले.

गणपतीच्या दिवशी सकाळी पूजा झाली. आरतीला बसूनच टाळ्या वाजवत होते. मग टाळ्या थांबल्या. मी निरांजन घेऊन वळले तर त्यांचं तोंड उघडं, श्वास घेताना पाण्यात बुडबुडे निघावेत तसा आवाज. ह्यांनी उचललं. शिरूरच्या दिशेनं गाडी काढली, मी मागं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. मी सारखी आण्णा, आण्णा म्हणत होते. न्हावऱ्याच्या पुढं त्यांचा हात जड झाला. हातातल्या त्या शिरेवर बोट ठेवलं की आत घरघर लागायची, मांजरासारखी. मी बोट ठेवूनच होते. ती बंद झाली तेव्हा मला कळलं. ह्यांना सांगितलं नाही. गाडी तशीच हॉस्पिटलपर्यंत गेली.

तिथले डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी भरलं होतं. विचारलं, डायलिसिस शेवटचं कधी झालं? मी म्हणाले, चौदा तारखेला, आता पंधरा दिवसांतून एकदाच सांगितलंय. त्यांनी माझ्याकडं विचित्र बघितलं. "कोणी सांगितलं?" म्हणाले. मी म्हणाले, दौंडच्या डॉक्टरांनी. त्यांनी कागद पुढं ओढला आणि सही केली.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच आहे. दौंडच्या त्या डॉक्टरला जाऊन विचारायचं. कुठल्या पुस्तकात वाचलं त्यानं पंधरा दिवसांतून एकदा?

१० सप्टेंबर, बुधवार

परवा तेरावा झाला. मिस्त्री इंजिन घेऊन आले, स्वतः बसवून दिलं. काठावर येऊन माझ्यापाशी थांबले. "ताई, आता दोन्ही हायेत," एवढंच म्हणाले.

फ्रिजमध्ये आण्णांची इंजेक्शनं पडून आहेत, रक्त वाढायची. कुणाच्या तरी उपयोगी पडतील. उद्या दौंडला जाऊन देते, आणि त्या डॉक्टरला भेटते. हे म्हणाले, "जाऊ नको." का, तर सांगत नाहीत. मी जाणार आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी पलीकडं गेले. दोन इंजिनांवर बोट सरळ जाते, पण माझ्या हाताला स्टिअरिंग उजवीकडं ओढायची सवय लागलेली. धक्का सोडल्या सोडल्या वरच्या अंगाला भलतीकडंच निघाली. बोटीतल्या बाया ओरडल्या.

डॉक्टर नव्हते. सम्राट होता. आण्णा गेल्याचं सांगितलं तर मशीनचा पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. डोळे पुसले. मग मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "ताई, शिरूरला किती वेळा झालं मग त्यांचं?"

मी म्हणाले, "शिरूरला?"

"म्हणाले ना ते, शिरूरला नंबर लागला म्हणून. मी दर सोमवार-गुरुवार फोन करायचो, अठराला आले नाहीत तेव्हापासून. हसत बोलायचे. म्हणायचे, सम्राट, तुझ्यापेक्षा हितली पोरं हळू सुई टोचत्यात, आता तुझ्याकडं न्हाई येत मी." तो हसला आणि परत रडायला लागला. "मग फोन लागेना, तरी मला वाटलं बरं झालं, त्यांना घराजवळ मिळालं. नदीचं फार टेन्शन घ्यायचे. चौदा तारखेला मशीनवर असताना मला विचारत होते, डायलिसिस बंद केलं तर माणूस किती दिवस काढतो. मी म्हणालो, आण्णा, असलं काय विचारता. म्हणाले, आमच्याकडं एक म्हातारा कंटाळलाय, त्याच्यासाठी विचारतुय."

मी खुर्चीवरच होते. पंखा फिरत होता. पलीकडच्या कॉटवर एक बाई तोंड भिंतीकडं करून पडली होती.

सम्राटनं परत विचारलं, "मग शिरूरला किती वेळा झालं?"

मी म्हणाले, "तीन वेळा."

का म्हणाले माहीत नाही. त्याच्यासमोर आण्णांना खोटं पाडायचं नव्हतं. "काय खाण्यात आलं होतं का?" त्यानं विचारलं. "केळं, शहाळं असलं काही?" मी इंजेक्शनांची पिशवी त्याच्या हातात दिली आणि निघाले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हे फर्स्ट शिफ्ट करून आले. मी झेंडूच्या वाफ्यात होते, फुलं तोडायची राहिली होती. त्यांनी चप्पल बांधावर काढली आणि दुसऱ्या सरीत तोडायला लागले.

मी म्हणाले, "डॉक्टरनं तसं काय सांगितलं नव्हतं."

त्यांचे हात थांबले नाहीत.

"आण्णांनी सेंटरवर सांगितलं, शिरूरला नंबर लागला. आन् आपल्याला सांगितलं, डॉक्टरनं सूट दिली."

"म्हाईत हाय," हे म्हणाले.

मी उभी राहिले. हे परत म्हणाले, "म्हाईत हाय मला. डॉक्टर त्या गुरुवारी आलेच नव्हते. मी चहा पिऊन आत येऊन बसलो हुतो."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे सतरा तारखेपासून. शेंगदाण्याची आमटी केली त्या दिवसापासून. शहाळं फोडलं तेव्हा हे ओसरीत होते, त्यांनी बघितलं होतं.

"तुम्ही विचारलं न्हाई त्यांना?"

"विचारलं. दुसऱ्याच दिवशी, गोठ्यात. गाडी सांगतो म्हणालो, दौंडला खोली घेऊ म्हणालो, तुम्हाला तिथंच ठेवतो म्हणालो." फुलं ठेवायला ते खाली बसले, बसलेच. "म्हणाले, सत्या, दीड वर्ष झालं, लई टोचून घेतलं. आता मला निवांत राहू दे. आन् त्या पोरीला पाण्यात घालू नको. म्हणाले, तिच्या कानावर घालशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"आन् तुम्ही ऐकलं."

"बाप हुता."

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. पायांची सूज, उचकी, मी डॉक्टरला फोन करा म्हणत होते आणि तुम्ही नको म्हणत होता. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही. शेजारच्या रानातली माणसं बघायला लागली तेव्हा मी थांबले.

मग हळू विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"त्या दिवशी बोटीत तुझे हात बघितले हुते मी," म्हणाले. "सांगितलं आसतं तर तू त्यांना घेऊन परत गेली आसतीस."

मी फुलांची पाटी उचलली आणि बांधावर आणून ठेवली. मी खरंच परत गेले असते का, ते मला त्यांना सांगता आलं नाही. इथं लिहून बघावं म्हणून बसले, तर इथंही येत नाही.